हौदात धरणारा

२ सप्टेंबर, मंगळवार

आज उंटाचं डोकं फोडलं असतं! घण हातात होता, डोकं समोर होतं, आणि मध्ये फक्त देव होता.

पाडकामाचा पहिला नियम शेंबड्या पोरालाही कळेल — वरून खाली यायचं. आधी स्लॅब, मग तुळई, मग खांब. आमच्या टोळीतल्या या लंबूटांगाने (म्हणूनच उंट म्हणतात त्याला) जुन्या गोदामाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खांबाच्या सळया कापल्या, आणि वर स्लॅब तसाच लटकत होता! का? तर म्हणे, "मुकादम, कटर मोकळा होता." कटर मोकळा होता म्हणून! अर्धा स्लॅब माझ्या पाठीमागे चार बोटांवर कोसळला. धुळीत मला माझे हातही दिसेनात. धूळ बसली तेव्हा दिसले. घण डोक्याच्या वर उचललेला, आणि उंट भिंतीला पाठ लावून उभा, डोळे मिटून.

घण खाली ठेवला. नुसत्या शिव्या दिल्या. शिव्यांबद्दल प्रभू क्षमा करो, पण जमल्या होत्या चांगल्या.

म्हणून ही वही. आमचे पाळकसाहेब म्हणाले होते, "हात शिवशिवले की पेन धर." धरलंय. बाप्तिस्म्याला तीन वर्षं झाली. त्याआधी मी कोण होतो ते गल्लीला विचारा — दोन जणांचे जबडे, एकाची बरगडी, चौकातल्या दुकानाची अख्खी काच. आता मंडळीचा पंच आहे. प्रार्थनाघराच्या मागचा बाप्तिस्म्याचा हौद मी स्वतः खणला. पाळकांची पाठ अधू, म्हणून नव्या माणसाला पाण्यात धरताना एका बाजूने ते असतात, दुसऱ्या बाजूने मी. भार सगळा माझ्या हातावर. सोळा माणसं या हातांनी पाण्याखाली घातली आणि वर काढली.

माझ्या स्वतःच्या बाप्तिस्म्यापासून कोणावर हात टाकला नाही. जवळजवळ.

३ सप्टेंबर, बुधवार

उंटाने दुपारी स्वतःहून पाणी आणून दिलं. माफ केलेलं नाही, पण प्यायलो.

६ सप्टेंबर, शनिवार

मुलगी आली. सकाळी दार उघडलं तर समोर उभी. उजवं मनगट डाव्या हातात धरलेलं, ओठ फुटलेला. "जिन्यात घसरले," म्हणाली. मी अजून काही विचारलंही नव्हतं.

बायकोने पाणी गरम केलं, फडकं भिजवलं, ओठ पुसला. मंडळीतल्या नर्सबाई पलीकडच्याच इमारतीत राहतात, त्यांना बोलावलं. त्यांनी मनगट पाहिलं आणि चष्मा कपाळावर सरकवला. "जिना मनगट पिरगळत नाही गं पोरी. माणूस पिरगळतो."

मग ती रडली. मग सगळं बाहेर आलं. पहिल्या वर्षापासून चालू आहे! लग्नाला चार वर्षं झाली. जावई टायरच्या डेपोत कामाला, ट्रकचं चाक एकटा उचलतो. लग्नात मीच लोकांना सांगत फिरत होतो — "मर्द गडी आहे!" माझी जीभ झडो.

तळपायाची आग मस्तकात गेली. बायको माझ्याकडे बघत नव्हती, भिंतीकडे बघत होती.

प्लास्टर घालून आणलं. तिथे डॉक्टरांनाही तिने जिनाच सांगितला.

मी त्याला मारून टाकीन. बघ, लिहिलं. पेन धरल्याने काय होतंय ते उद्या कळेल.

७ सप्टेंबर, रविवार

काही झालं नाही पेनाने.

उपासना संपली आणि थेट जावयाच्या घरी गेलो. घण कालच टेम्पोत ठेवला होता. (म्हणजे रात्रीच ठरलं होतं, कशाला खोटं लिहू?) त्याने दार उघडलं नाही. बिजागरं जुनी होती, दोन घावांत दार आत. तो पळत जाऊन न्हाणीघरात बसला आणि कडी लावली.

"बाहेर या, जावईबापू! सासरा भेटायला आलाय!"

आतून आवाज — "बाबा, शांत व्हा. बाबा, ऐका तरी."

न्हाणीघराचं दार पत्र्याचं. एका घावाचं काम. घण उचलला, आणि कसं कोण जाणे, वळलो. आणि स्वयंपाकघराची भिंत पाडली. सगळी! अर्ध्या विटेची भिंत, नऊ घाव. डबे, ताटं, शेगडी, सगळं विटांखाली. मग सिंक. मग आरसा. शेजारी जिन्यात जमले होते. एकजण दुसऱ्याला विचारत होता, "अहो, हे ते चर्चचे पंच ना?"

माणसाला हात लावला नाही, फक्त विटांना लावला. देवाचे आभार मानत घरी आलो. आता लिहायला बसलोय तर कळेना, आभार नक्की कशाचे मानले. मजा आली होती. हे पाळकांना सांगणार नाही.

८ सप्टेंबर, सोमवार

पाळकसाहेब कामावरच आले, बूट धुळीने पांढरे.

"भिंत पाडलीस, तूच बांधून द्यायचीस."

"त्याने माझ्या पोरीचं मनगट मोडलं. ते कोण बांधून देणार?"

"ते प्रभू बघेल."

"मग भिंतपण प्रभूच बघेल की!"

त्यांना हसू आलं, पण सोडलं नाही. पंचाने घर फोडलं, मंडळीने तोंड कुठे लपवायचं? येत्या शनिवारी मी विटा घेऊन जायचं. "पाया पक्का असलेला माणूस वाऱ्याने हलत नाही," म्हणाले. मी म्हटलं, वाऱ्याचं ठीक आहे हो, हा जावई आहे.

१३ सप्टेंबर, शनिवार

भिंत बांधायला गेलो. आयुष्यभर पाडत आलो, साधा ओळंबा धरता येईना! पहिला थर वाकडा गेला, काढला, परत लावला.

जावयाने खुर्ची आणून ठेवली. पाणी दिलं. स्वतः विटा भिजवून हातात देत होता. "बाबा, चूक झाली. डोक्यात राग जातो, मग मला दिसतच नाही काही." मग थोड्या वेळाने — "तुम्ही कसे बदललात, बाबा? लोक सांगतात तुम्ही आधी काय होतात."

मी थापी घेऊन बसलो होतो. असं मला कोणी विचारलं की मी फुलतो. सांगितलं सगळं. जबडे, बरगडी, काच, मग प्रभू, मग पाणी. तो डोळे पुसत ऐकत होता.

संध्याकाळपर्यंत भिंत छातीइतकी झाली. बरी झाली. मला वाटलं, देव असाच काम करत असेल.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "रडला का? बरं."

१४ सप्टेंबर, रविवार

जावई उपासनेला आला! पहिल्या बाकावर बसला. प्रार्थनेच्या वेळी उठून पुढे गेला, गुडघ्यांवर पडला, मोठ्याने रडला. दारू, पत्ते, डेपोतल्या मारामाऱ्या, सगळं कबूल. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कोणी "स्तुती असो" ओरडलं.

मलाही रडू आलं. घरी येताना अर्ध्या रस्त्यात एकदम लक्षात आलं. मनगटाचं नावही त्याने काढलं नव्हतं.

१७ सप्टेंबर, बुधवार

जेवताना मुलगी म्हणाली, "पाळकसाहेब म्हणतात, त्याला एक संधी दे. देव माणूस बदलतो, तुझ्या बाबांकडेच बघ, म्हणतात." डाव्या हाताने जेवत होती, सांडत होती. "बाबा, तुम्हीच सांगा. तो बदलेल का?"

सोपा प्रश्न आहे. मी पंच आहे, मी 'हो' म्हणायला हवं.

बायकोने पाण्याचा तांब्या माझ्यापुढे ठेवला, जरा जोरातच. मी म्हटलं, "प्रार्थना करू." मुलीने ताट उचललं आणि आत गेली.

२१ सप्टेंबर, रविवार

ठरलं. पुढच्या रविवारी जावयाचा बाप्तिस्मा. लगेच दोघा नवरा-बायकोसाठी प्रार्थना, आणि मुलगी त्याच्याबरोबर घरी. पाळकांनी व्यासपीठावरूनच जाहीर केलं, तिला न विचारता. ती माझ्या शेजारी बसली होती. सगळे वळून तिच्याकडे हसून बघत होते, तेव्हा तीही हसली. काय करणार बिचारी?

नर्सबाई तेवढ्या हसल्या नाहीत.

बाहेर आल्यावर पाळकांना म्हटलं, "हौदात दुसरा कोणी धरू दे."

"तूच धरायचंस. त्याला मारायला गेलेल्या हातांनीच त्याला वर काढायचं. यापेक्षा मोठी साक्ष कोणती?"

चांगला माणूस आहे. पण देवाच्या कामात त्याला नाटक फार आवडतं.

२४ सप्टेंबर, बुधवार

जावई मुलीला भेटायला आला. नवा शर्ट. माझ्या पाया पडला, बायकोच्या पडायला गेला तर ती आत निघून गेली. मुलीशेजारी बसला, तिचा प्लास्टरचा हात दोन्ही हातांत घेतला. "रविवारी घरी जायचं हं आपण," म्हणाला, आणि दाबला. हळू, हसत. माझ्याशी डेपोबद्दल बोलता बोलता दाबत राहिला. तिचा चेहरा पांढरा पडत गेला. तिने आवाज काढला नाही. आवाज कसा काढायचा नाही हे तिला चांगलं येतं.

मला दिसलं. मला दिसलं हे त्याला कळलं. तरी त्याने सोडलं नाही. चार दिवसांत बाप्तिस्मा, मी पंच, भिंत एकदा पाडून झालेली. आता मी काय करणार होतो?

तो गेल्यावर मागच्या अंगणात जाऊन पाण्याच्या पिंपावर बुक्क्या मारल्या. पिंप चेपलं. दोन बोटांची सालं निघाली.

प्रभू, रविवारी मला आजारी पाड.

२७ सप्टेंबर, शनिवार

पाडलं नाही. ठणठणीत आहे.

२८ सप्टेंबर, रविवार

जसं झालं तसं लिहितो.

हौद कमरेइतका खोल. पाळक डावीकडे, मी उजवीकडे, मध्ये जावई, पांढरे कपडे घालून. काठावर सगळी मंडळी. बायको आणि मुलगी पुढे. पाळकांनी विचारलं, विश्वास ठेवतोस का? तो म्हणाला, ठेवतो. मोठ्याने. मग माझ्याकडे बघून डोळा मारला. खरंच मारला! पाण्याचा थेंब गेला असेल असं मी अजून स्वतःला सांगतोय.

पाळकांनी शब्द म्हटले आणि आम्ही त्याला मागे पाण्यात घातलं. माझा एक हात त्याच्या मानेखाली, दुसरा छातीवर. वर काढायचं असतं ते लगेच, एक श्वास पुरतो. पाळकांनी उचलायला सुरुवात केली. मी उचललं नाही.

दाबून धरलं.

त्याचे डोळे पाण्याखाली उघडे होते. आधी त्याला कळलं नाही. मग कळलं. पाय झाडू लागला, नखं माझ्या मनगटात रुतली. तोंडातून बुडबुडे. मी बघत होतो. मला राग नव्हता त्या वेळी. तेच सगळ्यात भयंकर आहे. आत एकदम शांत होतं, प्रार्थनेनंतर असतं तसं. वाटलं, अजून थोडं. अजून थोडं, आणि माझी पोरगी सुटली. पाळक माझा हात ओढत होते, दात आवळून म्हणत होते, "सोड! अरे सोड!" काठावर लोक गात होते. पाय झाडणं बघून कोणीतरी ओरडलं, "पवित्र आत्मा आला! आला!" आणि टाळ्या सुरू झाल्या!

सोडलं. का सोडलं, माहीत नाही. मी ठरवलं नव्हतं. हात उघडले.

तो वर आला, ओकला, खोकत काठाला लोंबकळला. लोक रडत होते आनंदाने. दोघी-तिघींनी मला मिठ्या मारल्या. पाळक ओल्या अंगाने बाकावर बसून राहिले. माझ्याकडे बघेनात.

जावयाला उभं राहवेना. रिक्षात घालून घरी पाठवलं. जाताना घोगऱ्या आवाजात एवढंच म्हणाला, "पुढच्या रविवारी नेतो तिला. मग बघतो."

मी आज एक माणूस मारत होतो. देवाच्या घरात, देवाचं नाव घेत.

२९ सप्टेंबर, सोमवार

कामावर गेलो नाही. बायको कपडे वाळत घालत होती. मी उगाच दारात उभा.

"काल पाण्यात तुमचा चेहरा मी पाहिला," ती म्हणाली.

"प्रार्थना करत होतो."

"मला नका सांगू. पंचवीस वर्षं बघितलाय तो चेहरा. अगदी जवळून."

मी म्हटलं, ते आधीचं. बाप्तिस्म्यानंतर तरी कधी —

"अकराव्या दिवशी," ती म्हणाली. "किल्ली सापडत नव्हती. माझी बोटं दारात होती आणि तुम्ही दार लावलंत. दोनदा." चिमटे काढून एकेक लावत होती, आवाज चढलेला नव्हता. "मंडळीपुढे सांगता त्या तुमच्या साक्षीत गल्लीतले सगळे जबडे आहेत. माझा नाही. बाहेरच्यांना मारलं ते पाप, आणि घरात मारलं ते काय, सराव? त्याला मात्र बुडवायला निघालात. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं!"

माझा हात उठला.

लिहितो आहे. उठला. तिच्यावर. काल त्याला बुडवणारा हात, आज तिच्यावर. ती मागे सरली नाही, तिने नुसते डोळे मिटले. उंटाने मिटले होते तसे. आणि खोलीच्या दारात मुलगी उभी होती. तिनेही मिटले होते.

हात खाली घेतला. बाहेर पडलो आणि संध्याकाळपर्यंत चालत राहिलो.

१ ऑक्टोबर, बुधवार

'जवळजवळ' लिहिलं होतं मी. पहिल्याच दिवशी. या वहीतही!

२ ऑक्टोबर, गुरुवार

गोदाम जमीनदोस्त झालं. आज पायाशी आलो. वरचे चार मजले महिन्याभरात पाडले, पण खालचा दगडी पाया ब्रेकरला दाद देईना. उंट म्हणाला, "मुकादम, ज्याने हा घातला तो आपला वैरी होता." बाकीचे जेवायला गेले. मी त्या खड्ड्यात उतरून बसलो.

प्रार्थना करायची होती. नेहमी माझी प्रार्थना लांबलचक असते, मंडळीत नावाजलेली आहे. आज एक वाक्य येईना. मग एवढंच आलं — "मी मारलं. बायकोला मारलं. अजून मारीन असा आहे."

बस. दुसरं काही नव्हतंच माझ्याकडे. आणि मग खूप रडलो, नाक पुसायला हातरुमालही नव्हता, सिमेंटच्या हातांनी पुसलं.

तीन वर्षं मी म्हणत होतो की माझा पाया ख्रिस्त. कसला! मी उभा होतो तो माझ्या चांगलं वागण्यावर. न मारलेल्या दिवसांवर, पंचपणावर, लोकांच्या टाळ्यांवर. ख्रिस्ताला वरच्या मजल्यावर फोटोसारखं टांगलं होतं. मग मजला हलला की मी घण उचलायचो. आणखी काय करणार? पडायची भीती वाटायची मला. आज पहिल्यांदा तसं म्हणतोय. राग नव्हे, भीती.

रविवारी मुलीला नेणार आहेत. बोललो नाही तर ती जाईल, आणि पुढच्या खेपेला मनगटावर भागणार नाही. बोललो तर माझं सगळं जाईल. बायकोही गेली तर तिला कोणी नावं ठेवणार नाही.

बोलायचं ठरवलं.

५ ऑक्टोबर, रविवार

ओठ सुजलाय, पुढचे दोन दात गेले, भुवईला चार टाके. तरी लिहितो.

पाळक दोघांना प्रार्थनेसाठी पुढे बोलवणार तेवढ्यात मी उठलो. "मला बोलायचंय." पाळकांनी मान हलवली, नको म्हणून. मी बोललो.

"गेल्या रविवारी हौदात पवित्र आत्मा आला नव्हता. मी याला बुडवत होतो." कोणीतरी हसलं, मग थांबलं. "मी हे ओळखलं, कारण हा माझ्यासारखाच आहे. हा रडला तसाच मी याच जागी रडलो. मीही बायकोचं नाव घेतलं नव्हतं. पंचवीस वर्षं तिला मारलं. बाप्तिस्म्यानंतर अकराव्या दिवशी मारलं. या सोमवारी परत हात उचलला. मी बदललो म्हणून हा बदलेल असं सांगून तुम्ही माझ्या मुलीला पाठवताय. मी बदललेलो नाही. आजपासून कदाचित सुरुवात होईल. तिला पाठवू नका. आणि बाबा रे," जावयाकडे वळलो, "तुला मारायला निघालो होतो, त्याची माफी मागतो. पोलिसांना सांगायचं तर सांग, मी नाही म्हणणार नाही."

जावई उठला. "म्हाताऱ्याला वेड लागलंय! चल गं घरी!" आणि सगळ्यांसमोर तिचा प्लास्टरचा हात धरून ओढला. ती किंचाळली. अखेर आवाज काढला पोरीने!

मी मध्ये गेलो. त्याने मारलं. पहिली बुक्की तोंडावर, दुसरी भुवईवर. मग बाजाच्या पेटीपुढचं स्टूल उचलून खांद्यावर घातलं. मी दोन्ही हातांनी मागच्या बाकाची पाठ घट्ट धरली होती. शौर्य वगैरे काही नाही. बाक सोडला असता तर मी त्याचा जीव घेतला असता, एवढं मला पक्कं माहीत होतं. रक्त तोंडात, कानात शिट्ट्या. मी नुसतं "प्रभू, प्रभू" म्हणत होतो आणि तिसऱ्या फटक्यालाही उभा होतो.

चौघांनी मिळून त्याला आवरलं. नर्सबाई ओरडत होत्या, "आता जिना दाखवा ना कुणीतरी! कुठाय जिना?"

लोक माझ्यापासून दूर सरकून उभे होते. गेल्या रविवारी मिठ्या मारणारे हेच. मला वाटलं होतं, हे सगळं गेलं की मी कोसळेन. पंचपद गेलं, नाव गेलं, साक्ष गेली, आणि मी बाकाला धरून उभाच! पायाखाली काहीतरी घट्ट होतं, आणि ते मी घातलेलं नव्हतं. आनंद वाटला असं म्हणणार नाही. तोंड फार दुखत होतं. पण भीती नव्हती. शोधली, सापडली नाही.

बायको पूर्ण वेळ बसून होती. रडली नाही, उठली नाही. घरी येताना तिने माझ्या खांद्यावरची विटलेली शाल काढून घेतली आणि रक्ताचे डाग पडले म्हणून बादलीत टाकली.

७ ऑक्टोबर, मंगळवार

नर्सबाई मुलीला घेऊन पोलीस ठाण्यात गेल्या. तक्रार लिहून आल्या. या वेळी मुलीने जिना सांगितला नाही. हौदाबद्दल माझंही बोलावणं आलंय. उद्या जातो, विचारतील ते खरं सांगतो.

पाळक आले. पंचपद काढलं. बरोबर केलं. टोपी हातात फिरवत बायकोला म्हणाले, "ताई, यांच्या बाप्तिस्म्याच्या वेळी मी तुम्हाला काहीच विचारलं नाही."

ती म्हणाली, "नाही विचारलंत."

त्यांनी मान खाली घातली. तिने चहा दिला. मला नाही दिला. मी स्वतः करून घेतला.

९ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी कामावर निघालो तर बायकोने पलंगावरची तिच्या बाजूची गादी उचलली. खालून छिन्नी काढली. माझीच, फार जुनी, वीतभर. टोक घासून घासून सुईसारखं केलेलं.

"ही घेऊन जा."

"कधीपासून आहे?"

"मुलगी चार वर्षांची होती तेव्हापासून."

"बाप्तिस्म्यानंतरही?"

"काल रात्रीपर्यंत," ती म्हणाली, आणि गादी सरळ करू लागली.